बाण, विमान आणि पुरावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी चार शब्द बोलण्याचा मान आम्हांस दिल्याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहोत. 'युद्धतंत्र आणि विमानविद्या यांचा इतिहास' हा विषय सुचविला गेला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. सारा जन्म सरकारी फायलींत गेला. ज्या सभागृहात अर्धे श्रोते प्रयोगशाळांत काम केलेले आहेत, तेथे आम्ही शस्त्रविज्ञानावर बोलणे म्हणजे वैद्यांच्या घरी जाऊन काढा सांगण्यासारखे आहे. तरीही आम्ही होकार दिला. त्याला एक खाजगी कारण आहे. तेथूनच आरंभ करितो.

काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा होती. प्रश्न आम्ही काढले होते आणि उत्तरे तपासण्याचे कामही आमच्याकडेच होते. त्यांत एक प्रश्न होता : 'जगातील पहिले विमान कोणी उडविले?' आम्हांस अपेक्षित असलेले उत्तर होते 'शिवकर बापूजी तळपदे, मुंबई, १८९५'. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने 'राइट बंधू' असे लिहिले. आम्ही त्याचे दोन गुण कापले आणि तेवढ्याने त्याचे बक्षीस गेले. तो मुलगा रडला नाही की भांडला नाही. जवळ येऊन त्याने एवढेच विचारले, "काका, पुरावा काय?" आम्ही म्हणालो, "अरे, सगळ्यांना ठाऊक आहे." तो मुकाट्याने निघून गेला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब चंदीगड सोडून गेले. त्याचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. आजचे भाषण हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

ज्या सेक्टर ३० मध्ये आपल्यापैकी कित्येकांनी उमेदीची वर्षे काढली, तेथे हा प्रश्न आम्हांस इतका उशिरा सुचावा हेच नवल. या एका सेक्टरात दोन मोठ्या राष्ट्रीय संस्था आहेत. एक केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, म्हणजे आपली 'सीएसआयओ'. ती १९५९ साली स्थापन झाली आणि १९६२ साली दिल्लीहून येथे आली. दुसरी 'टीबीआरएल', म्हणजे टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी. तिची कल्पना १९६१ सालची. १९६७ मध्ये ती पूर्णपणे कामास लागली आणि जानेवारी १९६८ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले. पहिली मोजमापाची साधने घडविते, दुसरी स्फोटांचे आणि आघातांचे मोजमाप करिते. दोहोंचा धंदा एकच : पुरावा गोळा करणे.

तथापि आधी थोडे मागे जाऊ. दिल्लीहून चंदीगडकडे येताना वाटेत पानिपत लागते. मराठी माणूस तेथून जाताना क्षणभर तरी गप्प होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे जे झाले त्याची कारणे आपण अडीचशे वर्षे शोधीत आहोत. त्यांत तंत्राचाही एक धडा आहे. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी फ्रेंच कवायतीत तयार झालेल्या होत्या आणि तोफखाना ही भाऊसाहेबांची मोठी भिस्त होती. परंतु अवजड तोफा एकदा मांडल्या की जागच्या हलविणे कठीण, आणि हातघाई जुंपली की त्यांचा मारा आपल्याच माणसांवर यावयाचा. उलट अब्दालीकडे उंटांवर बसविलेल्या हलक्या जंबुरका होत्या. त्या हव्या तेथे नेता येत. तोफ केवढी मोठी याइतकेच, ती कोणत्या प्रसंगी किती उपयोगी पडेल याचे गणितही महत्त्वाचे असते. पराभवाची इतर कारणे होतीच, उपासमार तर होतीच. पण ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.

त्या काळी आपल्याकडे तोफेच्या जोडीला 'बाण' हे अस्त्र होते. नळीत दारू ठासून ती बांबूला बांधावयाची आणि बत्ती द्यावयाची, म्हणजे आजच्या भाषेत अग्निबाण. मराठ्यांच्या फौजांत तो होता, इतर हिंदी फौजांतही होता. हैदर आणि टिपू यांनी लोखंडी नळी वापरून त्याला भारी बळ आणिले. १७८० साली पोल्लिलूर येथे इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या आणि कर्नल बेलीची फौज बुडाली, त्यात या बाणांचा वाटा सांगितला जातो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि तेथील बाण इंग्लंडात वूलिच येथे गेले.

पुढे काय झाले ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. विल्यम काँग्रीव्ह याने ते बाण पाहिले, फोडले आणि उडवून पाहिले. नळीची वजने ठरविली, दारूचे प्रमाण पक्के केले, पल्ले मोजून लिहून काढिले. १८०६ साली बुलोन बंदरावर त्याच्या अग्निबाणांचा मारा झाला आणि तेव्हापासून जग त्यांना 'काँग्रीव्ह रॉकेट' म्हणू लागले. आपण अभिमानाने म्हणतो की विद्या मूळची आमची, आणि ते बहुतांशी खरेच आहे. परंतु आमच्या कारागिरांचे ज्ञान त्यांच्या हातांत होते. ते कागदावर, कोष्टकांत आणि शाळेत उतरले नाही. हात गेले तसे ज्ञान गेले. काँग्रीव्हचे मोठेपण शोध लावण्यात नव्हते, मोजून नोंद ठेवण्यात होते.

आता विमानाकडे वळू. राइट बंधू सायकली दुरुस्त करणारे. दोघांपैकी कोणाकडेही महाविद्यालयाची पदवी नव्हती. १९०१ साली त्यांचे ग्लायडर गणिताप्रमाणे उचलेना. दोष यंत्राचा की छापील कोष्टकांचा? त्यांनी स्वतःच एक लाकडी बोगदा केला, त्यातून पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे प्रकारचे छोटे पंख तपासून स्वतःची कोष्टके तयार केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर त्यांचे यंत्र १२ सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. पाच साक्षीदार होते, छायाचित्र होते, वहीत नोंद होती. किती लहान उड्डाण, आणि किती भक्कम पुरावा!

तळपद्यांबद्दल बोलताना आमचा स्वर खाली येतो, कारण आम्हांस त्यांचा अनादर करावयाचा नाही. गेल्या शतकाच्याही आधी मुंबईत एक संस्कृतज्ञ गृहस्थ उड्डाणाचे स्वप्न पाहतो आणि त्यासाठी पदरमोड करितो, ही गोष्टच आदरास पात्र आहे. पण १८९५ साली चौपाटीवर त्यांचे विमान हवेत उडाले याचा निर्विवाद समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. त्यांच्या नावाशी जोडला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात सांगितलेला आहे. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्याची चिकित्सा केली. त्यातील विमाने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या पाचांत एक देशपांडे होते. परीक्षा घेण्याचा अभिमानही कमी प्रतीचा नाही.

थोडक्यात, त्या मुलाचे उत्तर बरोबर होते आणि आमचे चूक होते. त्याहून मोठी चूक अशी की, त्याने पुरावा विचारला तेव्हा आम्ही 'सगळ्यांना ठाऊक आहे' असे सांगितले. ज्या गोष्टीला पुरावा नसतो तिचाच आधार 'सगळ्यांना ठाऊक आहे' हा असतो.

येथे कोणी म्हणेल, मग अभिमान कशाचा बाळगावा? महाशय, अभिमानाची सामग्री दाराशी आहे. आपण ती पाहत नाही एवढेच.

टीबीआरएलचे नाव घ्या. तोफगोळ्याच्या प्रवासाचे तीन भाग शास्त्रज्ञ करितात. गोळा नळीत असतानाचा अभ्यास पहिला, हवेतून जातानाचा दुसरा आणि लक्ष्यावर पोचल्यानंतरचा तिसरा. हा तिसरा म्हणजे 'टर्मिनल बॅलिस्टिक्स'. गोळा लागला म्हणजे नेमके काय होते? चिलखत फुटते की वाकते, तुकडे किती उडतात, त्यांचा वेग काय? हे डोळ्यांना दिसण्यासारखे नाही. शक्तिमान स्फोटकात स्फोटाची लाट सेकंदास सुमारे आठ किलोमीटर धावते. आपली पापणी एकदा लवेपर्यंत ती एक किलोमीटरच्या आसपास गेली असती. म्हणून तेथे क्षणमात्र चमकणारे क्ष-किरण आणि अतिवेगवान कॅमेरे लागतात. चंदीगडपासून साधारण वीस किलोमीटरवर रामगड येथे या प्रयोगशाळेचे विस्तीर्ण परीक्षणक्षेत्र आहे.

१८ मे १९७४ रोजी सकाळी पोखरण येथे भारताने पहिली अणुचाचणी केली. तिची कथा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नावाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या यंत्रातील एक कळीचा भाग आपल्या सेक्टर ३० च्या प्रयोगशाळेत घडला : स्फोटकांची भिंगे. ही काय वस्तू असते, ते आमच्यासारख्याला समजले तसे सांगतो. चष्म्याच्या काचेत प्रकाश हवेपेक्षा सावकाश जातो. काच कोठे जाड, कोठे पातळ ठेवून आपण पसरणारे किरण एका बिंदूवर आणितो. तसेच एक जलद आणि एक मंद अशी दोन स्फोटके विशिष्ट आकारात जुळविली, तर बाहेर पसरणारी स्फोटाची लाट वळून आत, एका केंद्राकडे येते. अशी अनेक भिंगे गोलाभोवती बसवून एकाच क्षणी पेटविली म्हणजे मधला धातू सर्व बाजूंनी सारखा दाबला जातो. एका बाजूस लाट क्षणाच्या लक्षांश भागाने उशिरा आली तरी खेळ बिघडला. हे काम टीबीआरएलने नागपट्टणम् सांबशिव वेंकटेशन यांच्या नेतृत्वाखाली केले. आणि ती भिंगे एका क्षणी पेटविणाऱ्या स्फोटन-व्यवस्थेचे काम पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत वामन दत्तात्रेय पटवर्धन यांच्या देखरेखीखाली झाले. पुणे आणि चंदीगड या दोन गावांना जोडणारा यापेक्षा घट्ट धागा आम्हांस ठाऊक नाही. आमच्या प्रश्नपत्रिकेत मात्र पटवर्धनांचे नाव नव्हते.

या कामाचा एक भाग मनाला बोचतो, तो लपवू नये. ही संहाराची साधने आहेत. आपल्या संतांचे अभंग म्हणून झाल्यावर स्फोटकांचे कौतुक करणे विसंगत नाही काय, असे मंडळातील एका वडीलधाऱ्या बाईंनी आम्हांस विचारले. आमच्यापाशी पुरे उत्तर नाही. एवढेच दिसते की, ज्या तराजूत शस्त्राचा आघात मोजतात त्याच तराजूत शिपायाच्या अंगावरील चिलखतही मोजले जाते. गोळी लागल्यावर काय होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला गोळी अडविताही येणार नाही. आणि १९६२ चा शरद ऋतू ज्यांना आठवतो किंवा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, ते तयारीवाचून राहण्याची किंमत जाणतात. त्या ऑक्टोबरात चंदीगडच्या विमानतळावरून एएन-१२ विमानांनी सहा एएमएक्स रणगाडे लडाखात चुशूलला पोचविले. तेवढ्या उंचीवर, तेवढ्या आखूड धावपट्टीवर रणगाडा घेऊन उतरणे हे धाडस होते; पण वेळेवर करावी लागलेली धावपळही होती. त्यानंतर महिनाभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, ते आपण सर्व जाणताच.

त्यापाठोपाठ १९६३ साली मिग-२१ विमानांची पहिली स्क्वाड्रन याच चंदीगडात उभी राहिली, आणि ही विमाने घडविण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे निघाला. द्राक्षांच्या मुलखात जुळलेली विमाने गव्हाच्या मुलखावरून उडू लागली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी याच चंदीगडच्या तळावर मिग-२१ ला अखेरचा निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षांची ही सेवा गौरवाची होती. तिच्यात १९७१ चा विजय होता आणि अपघातांत गेलेले कित्येक तरुण वैमानिकही होते. त्या घरांना नुसता गौरव पुरत नाही.

म्हणूनच शेवटच्या दोन उदाहरणांकडे आपले लक्ष वेधतो. पहिले सीएसआयओचे. लढाऊ वैमानिकाने वेग आणि उंची पाहण्यासाठी मान खाली घातली की तेवढा वेळ बाहेरचे जग त्याच्या नजरेआड होते. डोळ्यालाही जवळचे आणि दूरचे पाहताना जुळवून घ्यावे लागते. त्यावर तोड म्हणजे 'हेड-अप डिस्प्ले'. वैमानिकासमोर एक अर्धपारदर्शक काच असते. आकडे आणि खुणा भिंगांतून अशा रीतीने तिच्यावर टाकितात की त्या क्षितिजाइतक्या दूर भासाव्यात. नजर न हलविता आकाशही दिसते आणि आकडेही दिसतात. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या आणि २०१६ पासून वायुदलात असलेल्या आपल्या तेजस विमानासाठी असे उपकरण सेक्टर ३० मध्ये विकसित झाले, आणि त्याचे उत्पादन शेजारच्या पंचकुल्यात झाले.

दुसरे उदाहरण रामगडचे. तेथे टीबीआरएलने चार किलोमीटर लांबीचा, काटेकोर सरळ असा रूळमार्ग बांधला आहे. त्यावर रॉकेटने ढकललेली गाडी ध्वनीहून अधिक वेगाने धावू शकते. जी वस्तू आकाशात तपासणे धोक्याचे, ती येथे जमिनीवर तपासावयाची. ऑगस्ट २०२३ मध्ये गगनयानाच्या परतीसाठी लागणाऱ्या ड्रोग हवाई छत्र्यांची परीक्षा या रुळांवर झाली. २ डिसेंबर २०२५ रोजी तेजसचा पुढचा भाग गाडीवर चढवून ताशी ८०० किलोमीटर वेगाने पळविण्यात आला आणि वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणारी यंत्रणा तपासली गेली. आत माणूस नव्हता, माणसाच्या मापाचा, मोजमापाची साधने बसविलेला पुतळा होता. वरचे छत वेळेवर फुटले काय, आसन सुटले काय, छत्री उघडली काय, याची नोंद झाली. एखाद्या आईचा मुलगा कधी काळी संकटातून सुखरूप खाली उतरेल, तेव्हा त्याला वाचविणाऱ्यांत हा पुतळाही असेल.

नागपूरकरांनी रुसू नये म्हणून त्यांचाही उल्लेख करितो. जुन्या ३६ क्रमांकाच्या हातबॉम्बच्या जागी टीबीआरएलने नवा, दोन प्रकारे वापरता येणारा हातबॉम्ब तयार केला. त्याचे उत्पादन नागपूरच्या एका खाजगी कारखान्याने केले आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी नागपुरात तो सैन्याच्या स्वाधीन झाला. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेचा 'पिनाक' तर १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत कसास लागला. ४४ सेकंदांत बारा अग्निबाण! पानिपतावर सुटलेल्या बाणाचा हा नातू. फरक एवढाच की, या नातवाची प्रत्येक मोजणी लिहून ठेवलेली आहे. कारागीर निवृत्त झाला तरी विद्या आता हरवणार नाही.

असो. आमचे सांगणे आता संपत आले. या सेक्टरातील कित्येक माणसे तीस-तीस वर्षे सकाळी सायकलीवरून कामास गेली, संध्याकाळी भाजी घेऊन घरी आली, आणि दिवसभर काय केले ते बायकामुलांनाही सांगू शकली नाहीत. त्यांनी कधी बढाई मारली नाही. एकच चाचणी दहा वेळा करावयाची, नवव्या वेळी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा, हा त्यांचा नित्यनेम होता. त्यांच्या शेजारी राहून आम्ही मुलांना अशी गोष्ट शिकवीत होतो जी त्यांच्या प्रयोगशाळेत एक दिवसही टिकली नसती. हा केवळ त्या मुलावर अन्याय नव्हता, या माणसांचाही तो उपमर्द होता.

स्मरणिका समितीस आमची नम्र विनंती आहे. 'जगातील पहिले विमान मराठी माणसाने उडविले' हा लेख याही अंकात घेण्याचे घाटत आहे, असे कळते. तो जरूर घ्यावा. पण शीर्षक बदलून. 'उड्डाणाचे स्वप्न पाहणारा मुंबईकर' असे म्हणावे, म्हणजे तळपद्यांचाही मान राहील आणि सत्याचाही. आणि त्याच्या शेजारच्या पानावर पटवर्धनांना जागा द्यावी.

त्या मुलाचा पत्ता आमच्यापाशी नाही. तो आता मोठा झाला असेल. हा अंक फिरत फिरत कधी त्याच्या हाती पडला, तर त्याने हे जाणावे की त्याचे कापलेले दोन गुण आम्ही आज भरसभेत परत केले आहेत, आणि त्याच्या प्रश्नाबद्दल आणखी दोन दिले आहेत.